आठवड्याच्या हिशेबात हरवणारी संध्याकाळ

सप्टेंबर सरत आला की स्टुटगार्टमधल्या आमच्या गल्लीत चेस्टनटची पाने गळू लागतात, आणि त्याच सुमारास इमारतीतली लाकडी पाटी घरोघर फिरत आमच्या दारावर येऊन लटकते. या प्रांतात त्या पाळीला ‘केअरवोखे’ म्हणतात. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा आणि समोरचा फुटपाथ झाडायचा. ओली पाने खराट्याच्या काड्यांत अडकून बसतात, ती हाताने सोडवावी लागतात. पुण्यात असताना मी कधी जिना झाडला नव्हता; तो झाडणाऱ्या मावशी कामावरून घरी किती वाजता पोचतात, हेही कधी विचारले नव्हते, याची आता लाज वाटते.

परवा संध्याकाळी साडेपाचला असाच खराटा हातात असताना पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला. तिकडे नऊ वाजले होते. “अगं, अजून कॅबमध्येच आहे. आजही पिल्लू झोपल्यावरच पोचणार बहुतेक,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, आणि मला नेमके त्याचेच वाईट वाटले.

तिच्याशी बोलताना महाराष्ट्र मंत्रिमंडळाच्या सप्टेंबर २०२५ मधल्या निर्णयाचा विषय निघणे अटळ होते. त्यानुसार कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकाने व आस्थापनांत ९ वरून १० तासांवर नेण्याचे ठरले, तर अतिरिक्त कामाची तिमाही मर्यादा १४४ तासांपर्यंत वाढवण्याचे. गुंतवणूक यावी, रोजगार वाढावा आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला कामगाराला उघडपणे मिळावा, ही त्यामागची सरकारची भूमिका आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच राहणार असल्याने कोणावरही अन्याय होणार नाही, असा दिलासाही दिला जातो. त्याआधी नारायण मूर्तींचे आठवड्याला ७० तासांचे आवाहन आणि ‘लार्सन अँड टुब्रो’चे एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे वक्तव्य यांवर भरपूर वाद झाले होते, परंतु ती मते होती. हा मात्र कायद्यातला बदल आहे, म्हणून त्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे.

माझा आक्षेप त्या दिलाशावरच आहे. जर्मनीच्या १९९४ च्या कामाच्या वेळेच्या कायद्यातही आठवड्याचे गणित सहा दिवसांचे आणि ४८ तासांचेच निघते. फरक आहे तो दिवसाच्या मर्यादेत. दिवसाला ८ तास, फार तर १० आणि तेही सहा महिन्यांची सरासरी ८ वर राहिली तरच. शिवाय एक दिवस संपून दुसरा सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती. माणूस आठवड्यात जगत नाही, दिवसात जगतो. मुलाचा गृहपाठ, सासऱ्यांचे रात्रीचे औषध, शेजारणीने घरी बोलावलेला चहा यांतले काहीही साठवून शनिवारी एकदम उरकता येत नाही. बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचे दोन-तीन तास धरले, तर चार दिवस कामाचे आणि तीन सुट्टीचे मिळाले तरी त्या चार दिवसांत घर फक्त झोपण्यापुरते उरते. बाईच्या बाबतीत तेवढेही नाही, कारण तिची दुसरी पाळी स्वयंपाकघरात सुरू होते आणि ती कोणत्याही तिमाही मर्यादेत मोजली जात नाही.

इथे सारे आलबेल आहे, असे मला म्हणायचे नाही. चान्सलर मेर्त्स यांनी मे २०२५ मध्येच बजावले की चार दिवसांचा आठवडा धरून देशाची समृद्धी टिकणार नाही, आणि त्यांच्या आघाडीलाही दिवसाच्या मर्यादेऐवजी आठवड्याची मर्यादा आणायची आहे. स्टुटगार्टचे हृदय असलेला वाहनउद्योग संकटात आहे. बॉशने सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस आणखी १३ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्याही ऑफिसात दुपारच्या जेवणाच्या टेबलावर कोणी फारसे बोलले नाही. पण ज्या कारखान्यांसमोर मागणीचा, विजेवरच्या गाड्यांचा आणि चीनच्या स्पर्धेचा प्रश्न आहे, त्यांचे दुखणे कामगाराची संध्याकाळ काढून घेतल्याने बरे होईल, हे मला पटत नाही.

हा विचार परदेशातून आयात केलेला आहे, असे कोणी म्हणू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, हीही मागणी होती. रविवार १० जून १८९० रोजी मिळाला आणि तो आपण लक्षात ठेवला. सूर्यास्ताची मागणी मात्र विसरलो. त्या माणसांना ठाऊक होते की सुट्टी मिळाली तरी रोजचा दिवस कुठेतरी संपावा लागतो. पुढे जर्मनीच्या वायमार संविधानाने १९१९ मध्ये रविवारच्या विश्रांतीला संरक्षण दिले, ते आजच्या जर्मन संविधानातही आहे. त्याच्या एकोणतीस वर्षे आधी मुंबईच्या गिरणगावाने आपला रविवार मिळवला होता.

फुटपाथ झाडून झाला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजी कांदा घालून भाजलेल्या केकचा तुकडा आणि यंदाच्या नव्या वाइनचा पेला घेऊन खाली आल्या. आम्ही पायरीवर बसलो. त्यांनी पुण्यात पाने कधी गळतात ते विचारले. मी त्यांना ऑक्टोबरमधल्या उकाड्याबद्दल आणि कोजागरीच्या आटीव दुधाबद्दल सांगितले. मैत्रिणीच्या गच्चीवर आम्ही पंधरा वर्षे कोजागरी केली. २०२५ मध्ये ती सोमवारी आली, आणि मैत्रिणीला ऑफिसातून निघायला उशीर झाल्यामुळे दूध आटवलेच गेले नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे तासभर मागे जातील आणि पुण्याचे अंतर साडेचार तासांचे होईल. मी साडेपाचला मोकळी होईन तेव्हा तिकडे दहा वाजलेले असतील. आम्ही आता रविवारी दुपारी बोलायचे ठरवले आहे.