हाला आणि हाली

तुर्कस्तानातल्या कायसेरीच्या विमानतळावर उतरणारा पर्यटक सहसा कायसेरी बघत नाही. बाहेर पडतो, मिनीबस गाठतो आणि तासाभरावरच्या कपाडोकियाला गरम हवेच्या फुग्यात बसायला जातो. आमचाही बेत तोच होता. पण बरोबर आत्या होती. "फुग्यात बसायला मी काय जत्रेत आलेय?" असं म्हणून तिने कायसेरीतच दोन दिवस मुक्काम ठोकला. आत्याने बँकेत बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले आहेत, आणि तुळशीबागेत आजवर एकही वस्तू सांगितल्या भावात घेतलेली नाही.

काळ्या दगडाचा किल्ला, 1238 सालची हुनात हातून मशीद, डोक्यावर बर्फ घेऊन उभा असलेला 3,917 मीटरचा एर्जियेस, हे सगळं तिने "छान आहे हो" एवढ्यावर उरकलं. जेवायला इथली प्रसिद्ध मांती मागवली. मांती म्हणजे खिमा भरलेले इवलेसे मोदकच, वरून लसणाचं दही. चांगल्या सुगरणीच्या हातच्या चाळीस मांती एका चमच्यात मावतात म्हणे. आत्या शाकाहारी, म्हणून स्वतः दह्याशी पाव खात तिने माझ्या चमच्यातल्या मोजल्या. अकरा. "एकोणतीस कमी आहेत. बिल देताना सांग."

इथेच मी चूक केली. कायसेरीचा माणूस व्यवहारात इतका पक्का, की बापाचं गाढव रंगवून बापालाच विकतो, हा तुर्कस्तानातला जुना विनोद मी तिला सांगितला. आत्याने पर्स काखेत घट्ट धरली. "बाजार कुठे आहे?"

मला तुर्की येते असा माझा समज होता. दुकानाला दुक्कान, हिशेबाला हेसाप, फायद्याला फायदा, साबणाला साबुन. एवढं ऐकल्यावर कोणाही मराठी माणसाला चढेल. गालिच्याला म्हणतात हाली. पण त्यातली शेवटची 'ई' ही बिनटिंबाच्या i ची, धड 'अ' नाही की धड 'इ' नाही, घशातच गिळायची. मी जरा जास्तच गिळली. आत्याच्या मागे टांगलेल्या गालिच्याकडे बोट करून हा कितीला म्हणून विचारलं, "बू हाला काच लिरा?"

दुकानदाराने आत्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग छातीवर हात ठेवून मोडक्या इंग्रजीत गंभीरपणे म्हणाला, "आत्या विकायला नाही काढत, साहेब."

हाला म्हणजे आत्या. अगदी नेमकी, बापाची बहीण. इतका अचूक शब्द इतक्या चुकीच्या जागी मी आयुष्यात वापरला नव्हता.

मग चहा आला. कमरेत बारीक असलेला काचेचा पेला, दूध नाही, दोन साखरेचे खडे. तो संपला की दुसरा. चमचा पेल्यावर आडवा ठेवला की 'आता पुरे' असा अर्थ होतो, हे मला सहाव्या पेल्यानंतर कळलं. तोवर मी नुसता मान हलवत होतो आणि तो भरत होता.

गालिच्याचा भाव चारशे युरो निघाला. आत्या म्हणाली शंभर. त्याने दोन्ही हात आकाशाकडे केले. आत्याने गालिचा उलटा करून गाठी तपासल्या, एक धागा ओढून बघितला, आणि ठेवणीतलं अस्त्र काढलं: उठून चालू लागली. तुळशीबागेत तिसऱ्या पावलाला "अहो ताई, ऐका तर" अशी हाक येते. इथे आलीच नाही. पाचव्या पावलाला आत्या चप्पल नीट करायला वाकली. आठव्या पावलाला पुन्हा वाकली. मागून फक्त पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज.

त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटरवरच्या कुलतेपेला गेलो. चार हजार वर्षांपूर्वी या गावाचं नाव होतं कानेश. आजच्या इराकमधल्या अश्शुरहून व्यापारी गाढवांवर कथील आणि कापड लादून इथे यायचे आणि चांदीसोनं घेऊन जायचे. त्यांचा पत्रव्यवहार मातीच्या विटकुरांवर, वीस हजारांहून जास्त विटकुरं सापडली आहेत, आणि त्यात देवाधर्मापेक्षा उधारी, व्याज आणि तक्रारीच जास्त. लामासी नावाची बाई अश्शुरला कापड विणून घेई आणि इथे आलेला नवरा पुशुकेन ते विकी. माल चांगला नाही असं त्याने कळवल्यावर तिने उलट विचारलं होतं, की तुमच्या घरात बसून माझ्या कापडाला नावं ठेवणारा हा कोण?

मी हे सांगितलं तेव्हा आत्या कितीतरी वेळ त्या उघड्या पडलेल्या जोत्यांच्या भिंतींकडे बघत राहिली. "बरोबरच आहे तिचं," ती म्हणाली. "चल, दुकान बंद होईल."

दुकानदार हसलाही नाही. त्याने गालिचा आधीच गुंडाळून गल्ल्याजवळ ठेवला होता! पुढचे दोन तास मी चमचा आडवा ठेवून बसलो. अखेर दोनशे ऐंशीवर दोघे थांबले, आणि थांबताना दोघांच्याही चेहऱ्यावर लुटलं गेल्याचा एकसारखा भाव होता.

पैसे मोजून झाल्यावर तो माझ्या कानाशी आला. म्हणाला, "साहेब, हाली फुकट न्या. हाला इथे ठेवा. गल्ल्यावर बसवतो."

"काय म्हणतोय?" आत्याने विचारलं.

"पुन्हा या म्हणतो."

"येऊ म्हणावं. पण दोनशे साठ."