लस घानाला गेली, बरं झालं

नातेवाईकांच्या ग्रुपवर परवा कुणीतरी 2021 मधल्या कोरोनाचा विषय काढला आणि ठरलेलं वाक्य आलंच: "आपली माणसं मरत होती आणि पुण्यात बनलेली लस आफ्रिकेला चालली होती." पाठोपाठ सात-आठ अंगठे. तिथे मी गप्प बसले, कारण ॲडमिन भाऊजी आहेत. म्हणून इथे लिहिते.

त्या एप्रिलचा राग मलाही आहे. आम्ही पुण्यातच राहतो. कोव्हिशिल्ड बनवणाऱ्या सीरम कंपनीचा कारखाना हडपसरला, आणि आमच्या भागातल्या केंद्राच्या दारावर "लस उपलब्ध नाही" असा कागद. सासूबाईंना घेऊन पहाटेपासून टोकनच्या रांगेत थांबायचं आणि नऊला सिस्टर बाहेर येऊन सांगणार, आज डोस आलेच नाहीत. 1 मेपासून अठराच्या वरच्यांना लस खुली झाली तेव्हा तर कोविनवर ओटीपी येईपर्यंत स्लॉट संपलेला असायचा. मग शहरातली पोरं गाड्या काढून आडगावच्या केंद्रांवर जाऊन टोचून आली आणि त्या गावची माणसं बाजूला उभी राहून बघत राहिली. (यावर ग्रुपवर कुणी बोलत नाही. पण आपण जिल्ह्यात जे केलं तेच श्रीमंत देश जगात करत होते.)

आता आकडे, तेही केंद्र सरकारनेच दिलेले. मे 2021 पर्यंत देशाबाहेर गेले साधारण 6.6 कोटी डोस. त्यातले भेट म्हणून दिलेले 1.07 कोटी, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. सुमारे 3.6 कोटी रोख विकलेले. उरलेले जवळपास 2 कोटी कोव्हॅक्सचे.

कोव्हॅक्स म्हणजे गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून जागतिक आरोग्य संघटना, 'गावी' ही लशींसाठीची आंतरराष्ट्रीय संस्था वगैरेंनी मिळून उभी केलेली खरेदी. 2020 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, लस चालेल की नाही हे कुणालाच माहीत नसताना, सीरमची उत्पादनक्षमता वाढवायला गेट्स फाउंडेशनने 'गावी'मार्फत 30 कोटी डॉलर द्यायचं ठरवलं होतं. जोखमीचा पैसा. आपल्या सरकारची पहिली ऑर्डर कधी गेली? जानेवारी 2021 मध्ये, 1.1 कोटी डोसची. लोकसंख्या आठवा. मे, जून, जुलैच्या 11 कोटी डोससाठी सीरमला 1732.5 कोटी रुपये आगाऊ दिले गेले ते 28 एप्रिलला, जेव्हा देशात रोज साडेतीन लाखांच्या वर रुग्ण सापडत होते. ज्यांनी आधी हात सैल सोडला त्यांचा माल आधी निघाला, यात घानाचा काय गुन्हा?

रागवायचंच असेल तर त्या 3.6 कोटींत ब्रिटनला गेलेल्या 50 लाख डोसवर रागवा. त्यांच्याकडे स्वतःचा ॲस्ट्राझेनेकाचा पुरवठा होता (कोव्हिशिल्ड म्हणजे तीच लस), तरी मार्चमध्ये पुण्याचा मालही नेला. आणि त्याच ब्रिटनने त्याच वर्षी कोव्हिशिल्डचे दोन्ही डोस घेतलेल्या भारतीय प्रवाशाला लस न घेतलेला धरायचा नियम काढला! भारताने उलट ब्रिटिशांवर तसेच निर्बंध लावले तेव्हा ऑक्टोबरात तो मागे घेतला.

सीरमलाही मी सोडत नाही. एकाच बाटलीतली लस केंद्राला 150 रुपयांना, राज्यांना आधी 400 आणि ओरड झाल्यावर 300, खासगी रुग्णालयांना 600. ऐन साथीत राज्यांनी आपापसात बोली लावावी अशी ही व्यवस्था, आणि तिला परवानगी दिल्लीची.

दिल्लीत मे महिन्यात "आमच्या मुलांची लस परदेशात का पाठवली" अशी पोस्टरं लागली आणि ती लावणाऱ्यांना अटक झाली. अटक संतापजनकच होती. पण पोस्टरवरचा प्रश्नही मला पटला नव्हता.

कारण निर्यात थांबवून काय झालं ते बघा. कोव्हॅक्सचे पहिले 6 लाख डोस 24 फेब्रुवारी 2021 ला घानाच्या राजधानीत, अक्राला उतरले, पुण्यात बनलेले. महिनाभरात आपण दार लावून घेतलं. नेपाळने पैसे भरूनही त्यांचे 10 लाख डोस अडकले. पहिला डोस घेतलेली लाखो म्हातारी माणसं दुसऱ्याची वाट बघत बसली. कोव्हॅक्सची निर्यात पुन्हा सुरू झाली नोव्हेंबरअखेर, ओमायक्रॉनचं बारसं झालं त्याच आठवड्यात. वर्ष संपताना आफ्रिकेत दोन्ही डोस झालेले दहा टक्केही नव्हते. आणि डिसेंबरात सीरमने जाहीर केलं, नव्या ऑर्डरी नाहीत, कोव्हिशिल्डचं उत्पादन निम्म्यावर आणतोय. एप्रिलमध्ये रांगा, डिसेंबरात गिऱ्हाईक नाही!

आपल्या हाफकिनचं तर बोलायलाच नको. 1897 मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत काही महिन्यांत प्लेगची लस बनवून आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांचंच नाव लावणाऱ्या परळच्या सरकारी कंपनीला एप्रिल 2021 मध्ये भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन बनवायची परवानगी मिळाली, वर्षाला 22.8 कोटी डोसच्या घोषणा झाल्या. त्या लाटेत सोडा, पुढच्या लाटेतही तिथली कोव्हॅक्सिन कुणाच्या दंडात गेली नाही. साथ आल्यावर भूमिपूजन करून लस मिळत नसते. माणसं, यंत्रं, तपासणीची साखळी हे सगळं आधीपासून चालू लागतं, आणि चालू ठेवायला साथ नसतानाही दरवर्षी कुणीतरी ठरलेला माल विकत घ्यावा लागतो. हाफकिनकडून तो घ्या, सीरमकडूनही घ्या, आणि निर्यातीचा वाटा करारातच लिहून टाका, म्हणजे ऐनवेळी भांडण नको.

नुसता कारखाना उभारून भागत नाही, हे दक्षिण आफ्रिकेने अनुभवलं. ॲस्पेन कंपनीने जॉन्सन अँड जॉन्सनची लस बाटलीबंद करायची लाइन खास आफ्रिकेसाठी सज्ज केली, परवाना मिळवला. मे 2022 पर्यंत ऑर्डर आली होती शून्य. आफ्रिकेतल्या देशांकडूनही नाही.