तांबं कापत नाही, वाळू कापते

'इजिप्तमधल्या प्राचीन दगडी कुप्या माणसाने हाताने घडवणं अशक्य, त्या कुठल्यातरी लुप्त यंत्रयुगातल्या' असं सांगणारा व्हिडिओ सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मला तो चुलतभावाने पाठवला, खाली 'आता बोल!' लिहून. बोलतो.

पहिलं म्हणणं: त्या काळची हत्यारं तांब्याची, तांबं मऊ, ग्रॅनाइट कठीण, मग कापलं कसं? तांब्याने कापलंच नाही. कापते ती वाळू, म्हणजे गारगोटीचा चुरा, ग्रॅनाइटला पुरून उरणारा. तांब्याची नळी ती वाळू दगडावर नुसती फिरवत ठेवते. प्राचीन हत्यारं बनवून वापरून पाहणारे संशोधक डेनिस स्टॉक्स यांनी हे करून पाहिलंय. ग्रॅनाइटला भोक पडलं. फार सावकाश, आणि नळीही झिजली. विहिरीच्या काठाला दोराने पडलेले वळ ज्याने पाहिलेत, त्याला यात नवल वाटू नये. शिवाय तेला-लेपाच्या कितीतरी कुप्या कॅल्साइटच्या आहेत, संगमरवराइतक्याच मऊ. हे व्हिडिओत सोयीने गाळलंय.

गळा अरुंद आणि पोट फुगीर, मग आतून कोरलं कसं? मधे खाच असलेला लांबट दगड उभा आत सोडायचा, आत गेला की आडवा करायचा, दांड्याच्या बेचक्यात धरून वाळूसकट फिरवायचा. दांड्याला वजनासाठी धोंडे बांधलेलं हे गिरमिट इजिप्तमधल्या सक्कारा इथे मेरेरुका या वजिराच्या थडग्यात कोरलेलं आहे. 'कारागिरी' हा शब्द लिहायलाही इजिप्तचे लोक याच गिरमिटाचं चित्र काढत!

पुरावा म्हणून दाखवतात ती, स्कॅन करून 'अचूक' ठरवलेली गाजलेली कुपी खासगी संग्रहातली. उत्खननाची नोंद नसेल तर तिचं वय कशावरून ठरवायचं?

इजिप्तचा राजा जोसेर याच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली सुमारे ४०,००० दगडी भांडी सापडली. ती त्याच्याहून जुनी, म्हणून दुसऱ्याच संस्कृतीची, असं म्हणे. जुनी आहेत खरी, पण त्यातल्या अनेकांवर जोसेरच्या आधीच्या, इजिप्तच्याच पहिल्या-दुसऱ्या राजघराण्यातल्या राजांची नावं कोरलेली आहेत. घरातलीच वडिलोपार्जित भांडी ती.

आणि 'साध्या तेलासाठी एवढी मेहनत कोण घेईल?' तेल साधं कुठे होतं? तुतनखामन राजाच्या थडग्यात प्राचीन काळीच शिरलेल्या चोरांनी, आजूबाजूला सोनं पडलेलं असताना, कुप्यांतला सुगंधी लेप ओरबाडून नेला आणि जड कुप्या तिथेच टाकल्या. आतल्या थरावर त्यांच्या बोटांच्या खुणा ते थडगं शोधून काढणाऱ्या हॉवर्ड कार्टरला तीन हजार वर्षांनंतरही दिसल्या.