मॅरियन हॅलकमला शिक्षा झाली कुठे?

हल्ली एक मुद्दा सारखा फॉरवर्ड होतोय, की व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत बाईला जरा पुरुषी गुण दिले की लेखक तिला कुरूप करतो, मग शिक्षा देतो, नाहीतर लग्न लावून गप्प बसवतो. मला हे अजिबात पटत नाही, आणि असलं वाचून लोक त्या कादंबऱ्यांच्या वाटेलाच जात नाहीत याचं जास्त वाईट वाटतं.

आधी कुरूप. पुरावा म्हणून विल्की कॉलिन्सच्या 'द वुमन इन व्हाइट'मधली (१८६०) मॅरियन पुढे करतात. तिच्या ओठावर जवळजवळ मिशीच आहे, जबडा पुरुषी, आणि कादंबरीचा हिरो वॉल्टर तिला पाठमोरी बघून खूश होतो नि चेहरा दिसल्यावर हिरमुसतो, हे सगळं खरंय. पण हे मत वॉल्टरचं, तेही पहिल्या भेटीतलं! पुढे हीच मॅरियन रात्री रेशमी झगा नि आतले पांढरे, अडचणीचे कपडे उतरवते, गडद फ्लॅनेलचा पेटीकोट आणि वरून काळा प्रवासी झगा घालते आणि व्हरांड्याच्या छपरावर जाऊन खाली बहिणीविरुद्ध चाललेला कट ऐकते, पाऊस आला तरी हलत नाही. खुद्द खलनायक काउंट फॉस्को तिच्यावर फिदा आहे.

मग म्हणतात, बघा, भिजली, तापाने पडली, झाली शिक्षा. अहो पुढचं तरी वाचा! बरी झाल्यावर ती नर्सला पैसे चारून बहिणीला वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर काढते, स्वतःची पुंजी मोडून, आणि त्यात हिरोचा काहीच हात नसतो. लग्न तर ती शेवटपर्यंत करत नाही. 'ड्रॅक्युला'त (१८९७) तर उलटंच आहे. नायिका मीनाला पुरुषाचा मेंदू आहे असं ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग कौतुकाने म्हणतो, मग हेच पुरुष काळजीपोटी तिला सल्लामसलतीतून बाहेर ठेवतात आणि नेमकं तेव्हाच ड्रॅक्युला तिला गाठतो. चूक कोणाची दाखवलीय? शेवटी तो नदीमार्गे पळतोय हे कागदपत्रं तपासून शोधून काढते तीच.

राहिलं लग्न. इथे शार्लट ब्राँटेची 'शर्ली' (१८४९) त्यांच्या बाजूची वाटते. शर्ली जमिनीची मालकीण, गिरणीवाल्याला कर्ज देणारी, कीलदार या आडनावाला पुरुषी 'कॅप्टन' जोडून 'कॅप्टन कीलदार' म्हणवून घेण्यात मजा वाटणारी, आणि शेवटी लग्न करते. पण ती लग्नाची तारीख पुढे ढकलत राहते, खंगते, आणि ब्राँटे तिला साखळीला बांधलेल्या रानटी जनावरासारखी दाखवते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८८२ च्या कायद्याआधी इंग्लंडात लग्न झालं की, वेगळी कायदेशीर तजवीज नसेल तर, बायकोच्या जमिनीचा ताबा नि उत्पन्न नवऱ्याकडे जायचं, त्यामुळे ही बाई का कचरतेय हे तेव्हाच्या वाचकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. लेखिकेला तिला नुसतं गप्पच बसवायचं असतं तर तिने हे खंगणं लिहिलंच कशाला असतं?