कोलोससने एनिग्मा फोडलाच नाही

काचेच्या पेटीतल्या एनिग्मा, म्हणजे संदेश गुप्त करणाऱ्या जर्मन यंत्राचा फोटो आणि त्याखाली चार ओळी, असा एक फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: हिटलरने बनवून घेतलेलं हे यंत्र ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने एकट्याने फोडलं (म्हणजे त्याचे संदेश उलगडले), त्यासाठी त्याने कोलोसस हा संगणक बांधला, तो मूळ संगणक आजही ब्लेचली पार्कात, म्हणजे ब्रिटिशांच्या युद्धकाळातल्या संदेश फोडण्याच्या केंद्रात चालतो, आणि त्यामुळे दुसरं महायुद्ध दोन वर्षं आधी संपलं.

हिटलरचं नाव पहिल्यांदा काढून टाका. आर्थर शेर्बियस या जर्मन इंजिनिअरने पेटंटसाठी अर्ज केला १९१८ मध्ये. यंत्र आधी व्यापाऱ्यांसाठी बाजारात आलं, १९२६ मध्ये ते जर्मन नौदलाने घेतलं आणि नंतर भूदलाने. हिटलर सत्तेवर आला १९३३ मध्ये.

‘एकट्याने’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. लष्करी एनिग्मातल्या, अक्षरं बदलणाऱ्या फिरत्या चक्रांची आतली जोडणी डिसेंबर १९३२ मध्ये गणिताने शोधून काढली ती पोलंडच्या मारियान रेयेव्स्कीने. हाताशी फ्रेंच हेरखात्याने एका जर्मन कर्मचाऱ्याकडून विकत घेतलेले कागद होते, पण समीकरणं त्याची. रुझित्स्की आणि झिगाल्स्की या सहकाऱ्यांबरोबर त्याने पुढची काही वर्षं जर्मन संदेश वाचले. जुलै १९३९ मध्ये, युद्धाला जेमतेम पाच आठवडे उरले असताना, पोलंडने वॉर्सॉजवळ ही सगळी विद्या ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केली. ट्युरिंगचं काम त्यापुढचं.

आणि ते काम लहान नव्हतं. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नाही. त्यामुळे संदेशात असेल असा एखादा शब्द धरून तो गुप्त मजकुराखाली सरकवत न्यायचा. वरखाली एक जरी अक्षर सारखं आलं तरी ती जागा बाद. उरलेल्या जागांवरून चक्रांच्या शक्यता तपासणारं यंत्र म्हणजे ट्युरिंगचा ‘बॉम्ब’. पहिला मार्च १९४० मध्ये बसला. गॉर्डन वेल्चमनच्या सुधारणेने तो खरा कामाचा झाला, बांधला हॅरोल्ड कीनच्या चमूने आणि दिवसरात्र चालवला नौदलातल्या बायकांनी. मात्र तो संगणक नव्हता.

कोलोसस वेगळाच. त्याचं लक्ष्य होतं लोरेन्झ, म्हणजे जर्मन वरिष्ठ सेनापतींचे टेलिप्रिंटर संदेश गुप्त करणारं बारा चाकांचं यंत्र. ३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन ऑपरेटरने सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश चाकांच्या त्याच मांडणीवर दुसऱ्यांदा पाठवला, आणि पुन्हा टाइप करताना कंटाळून काही शब्द आखडते घेतले. जॉन टिल्टमनने त्या दोन प्रतींवरून मजकूर आणि किल्ली (यंत्र मजकुरात मिसळतं ती अक्षरं) वेगळी केली. मग बिल टट या तरुणाने त्या किल्लीवरून यंत्राची अख्खी रचना मांडली, यंत्र डोळ्यांनी न पाहता! प्रत्यक्ष लोरेन्झ ब्रिटिशांच्या हाती लागलं ते युद्ध संपताना. ट्युरिंगने इथेही हाताने करायची एक पद्धत दिली होती, पण कोलोसस बांधला टपाल खात्यातल्या टॉमी फ्लॉवर्सने. दीड हजारांहून जास्त इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह असलेलं हे यंत्र १९४४ च्या सुरुवातीला चालू झालं. एनिग्माशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

‘मूळ संगणक’? युद्धानंतर बहुतेक कोलोसस मोडले, वाचलेले दोन १९६० च्या सुमारास गेले. यंत्राचे आराखडे जाळून टाकायचा हुकूम होता आणि फ्लॉवर्सने तो पाळला. आज ब्लेचलीच्या आवारातल्या संगणक संग्रहालयात जो चालतो, तो टोनी सेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जुने फोटो आणि इंजिनिअरांनी गुपचूप ठेवलेले सर्किटचे कागद जुळवून नव्याने बांधलेला आहे. तिथला बॉम्बही असाच पुन्हा घडवलेला.

दोन वर्षांचा आकडा मात्र हवेतला नाही. स्वतः ब्लेचलीत काम केलेल्या हॅरी हिन्स्ले या इतिहासकाराचा तो अंदाज आहे, आणि तोही ब्लेचलीच्या एकूण कामाबद्दल. फॉरवर्डमध्ये तो एका माणसाच्या आणि चुकीच्या यंत्राच्या खात्यावर जमा झालाय.