किल्ला कुणाचा ते नंतर, आधी वर तरी चढा

आमच्या ग्वाल्हेरच्या फॅमिली ग्रुपवर सध्या किल्ला पेटलाय. चुलतभावाने रोपवे हवा म्हणून लिहिलं, काका म्हणाले शिंद्यांच्या किल्ल्यावर असले पाळणे नकोत, त्यावर आणखी एकाने सुनावलं की किल्ला तोमर राजपुतांचा, आपण मराठी लोक इथे पाहुणे. आणि मग सगळ्यांनी मला टॅग केलं, तू एडिनबराला असतेस ना, तिकडे कसं ठेवतात ते सांग जरा.

सांगते. इथल्या किल्ल्याला वीसेक पौंडांचं तिकीट आहे, रॉयल माइल नावाचा रस्ता चढून जायचं, पाऊस आडवा लागत असतो, तरी रांग. आपल्याकडे किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाचं तिकीट वीस-पंचवीस रुपये, उरवाई गेटने गाडी वरपर्यंत जाते, बाबराने फोडायला लावलेल्या जैन मूर्ती बसल्या जागेवरून काचेतून दिसतात, आणि ग्रुपवरचे निम्मे लोक शाळेच्या सहलीनंतर वर गेलेले नाहीत. 2024 ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत किल्ल्याचं नाव आलं तेव्हा अभिनंदनाचे फुगे मात्र सगळ्यांनी उडवले.

आता तोमर की शिंदे. मानमंदिर मानसिंह तोमरांचं, मान्य. पण किल्ल्यावरच्याच चतुर्भुज मंदिरातला शून्य कोरलेला शिलालेख 876 चा आहे, तो तोमरांच्या कितीतरी आधीचा. मुघलांनी तर किल्ल्याचा तुरुंगच केला, शिखांचे गुरु हरगोविंद तिथे कैदेत होते, औरंगजेबाने भाऊ मुरादला तिथेच मारवलं. महादजींचा म्हणाल तर 1780 ला ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉफमच्या लोकांनी रात्री शिड्या लावून तो घेतला, तो महादजींनी परत मिळवला, आणि 1858 ला इंग्रज वर जाऊन बसले ते 1886 ला बदल्यात झाशी घेऊनच उठले. एडिनबराचा किल्लाही 1314 ला असाच रात्री कडा चढून घेतला होता, स्कॉटांनी इंग्रजांकडून, आणि ते इथे केवढ्या कौतुकाने सांगतात! आपल्याकडे हरल्याची गोष्ट कुणी सांगत नाही. (इथे स्कॉट-इंग्लिश भांडण संपलंय असं अजिबात नाही, पण ते मी ग्रुपवर लिहिणार नाहीये.)

मागच्या खेपेला मानमंदिरच्या भिंतीपाशी उभी होते. निळ्या फरशांवर पिवळ्या बदकांची ओळ, पाचशे वर्षांनंतरही रंग असा की काल लावलाय, आणि हाताला येईल त्या उंचीवर खिळ्याने कोरलेली नावं, बाण गेलेलं हृदय. हे तोमरांनी केलं का शिंद्यांनी?

खरं सांगायचं तर मला झोंबला तो पाहुणे शब्द. पुण्यात माझ्या बोलण्यावर हसतात, इतकी हिंदी कशी म्हणून. ग्वाल्हेरात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आम्ही गल्लीत मराठेच. इथे तर काय, नाव सांगितलं की दोनदा स्पेलिंग. आता पासपोर्टही बदललाय. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर तिकीट भारतीयांच्याच दरात मिळतं हे मला माहीत होतं, तरी खिडकीपाशी मी ते पर्समधून काढलंच नाही, सरळ म्हटलं, "भैया, एक देना." त्याने वर न बघता भारतीयांचं तिकीट फाडून दिलं आणि मला जो काही आनंद झाला तो काकांना कसा समजावू, ते म्हणतील एवढे पौंड कमावतेस आणि पंचवीस रुपयांत खूश.