प्रतिक्रियेला उत्तर: आरपीएम बदलला की आकडा का बदलतो

दादा, एवढी मोठी कमेंट टाकलीत म्हणजे पोस्ट नीट वाचलीत, त्याबद्दल आधी थँक्यू. (नवीन वाचणाऱ्यांसाठी: पोस्ट होती व्हिस्कोमीटरवर, म्हणजे स्पिंडल, दांड्याच्या टोकाची चकती, द्रवात फिरवून त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, सेंटीपॉइज (सीपी) मध्ये मोजणाऱ्या मशीनवर. आकड्यासोबत स्पिंडल नंबर आणि आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, लिहाच असं त्यात म्हटलं होतं.) पण "एकाच पेंटची व्हिस्कॉसिटी 10 आरपीएमला 8,200 आणि 50 ला 3,100 सीपी येते म्हणजे तुमचं मशीन गंडलंय, व्हिस्कॉसिटी हा द्रवाचा गुणधर्म, स्पीडने बदलत नसतो" हे काही पटलं नाही बुवा.

शंका मलाही आली होती. म्हणून स्पिंडल धुऊन पुसून, तोच 4 नंबरचा, साधारण 3,000 सीपीच्या सिलिकॉन ऑइलमध्ये सोडला. 10 ला 2,960, 50 ला 3,020. फरक 60 चा, तो मशीनच्या खात्यात टाका, कारण या स्पिंडलची फुल स्केल, म्हणजे मोजता येणारा कमाल आकडा, 10 आरपीएमला 20,000 आहे आणि तिच्या 1% म्हणजे 200 सीपी इकडेतिकडे होणारच. पेंटमधला फरक 5,100 चा आहे हो, तो कुठल्या खात्यात टाकणार?

तुमचं म्हणणं पाणी, ग्लिसरीन, साधं तेल यांना लागू आहे. पेंटला नाही, आणि पेंट बनवणाऱ्यालाही ते नकोच असतं, डब्यात घट्ट राहावा म्हणजे पिगमेंट तळाला बसत नाही, ब्रशखाली पातळ व्हावा आणि भिंतीवर गेला की पुन्हा घट्ट व्हावा नाहीतर ओघळ येतात. मी 50 वरून परत 10 वर आणलं तेव्हा 8,200 नाही, 7,400 आले, थोडा वेळ मशीन बंद ठेवून घेतलं तर पुन्हा आठ हजाराच्या आसपास. म्हणजे आधी किती ढवळलंय यावरही आकडा ठरतो. म्हणूनच स्पिंडल नंबर आणि आरपीएम लिहायचा हट्ट. त्यात बीकरमधल्या डिस्क स्पिंडलभोवती शिअर रेट, म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात ते, सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे 8,200 ला पेंटची "खरी" व्हिस्कॉसिटी मीही म्हणत नाही.

फ्लो कप (तळाला भोक असलेला कप, रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं) वापरा म्हणालात, वापरतो की, पटकन तपासायला झकास. पण त्यात धार स्वतःच्या वजनाने पडते, वेग आपल्या हातात नसतो आणि घनतेचाही परिणाम होतो. या प्रश्नाला तो उपयोगाचा नाही.

एका गोष्टीत तुम्ही बरोबर आणि मी चूक: पोस्टमध्ये तापमान लिहिलंच नव्हतं. साधं ग्लिसरीन घ्या, 20 अंशाला 1,400 सीपीच्या आसपास असतं, 25 ला जेमतेम साडेनऊशे. सगळी रीडिंग 25 अंशाला घेतलेली आहेत, पोस्टमध्ये तशी दुरुस्ती केली.

आता तुमच्याच कमेंटमधलं एक. "आम्ही 6% टॉर्कवर रीडिंग घेतो, रोज तोच आकडा येतो, 1% च्या आत." अहो, टॉर्क म्हणजे स्पिंडल फिरवायला लागणारा जोर, मशीन तो फुल स्केलच्या टक्क्यात दाखवतं, आणि ते 1% पण फुल स्केलचे असतात, रीडिंगचे नाहीत! 6 वर 1 इकडेतिकडे म्हणजे जवळपास 17%. रोज तोच आकडा येतो म्हणजे रोज तीच चूक होत असेल असंही असू शकतं ना. 10% च्या खालचं रीडिंग मी तर वहीत लिहीतच नाही. मोठा स्पिंडल लावा, म्हणजे टॉर्क वर येईल, आणि सोडताना तिरका सोडा, डिस्कखाली हवेचा बुडबुडा अडकला की सगळंच मुसळ केरात. आलेले आकडे इथेच टाका, टॉर्कसकट.